सहा फुटी प्लास्टिकचं झाड आणि सुकेळ्यांची परीक्षा

नाताळचं झाड घ्यायला निघालात तर किती फुटी ते नंतर विचारा, आधी एक फांदी धरून वाकवून बघा. मुद्दा एवढाच आहे, पण आमच्या घरात याच्यावरून बरंच रामायण झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

वस्तू अशी: पीव्हीसीचं हिरवं झाड, उंची सहा फूट, तीन तुकड्यांत येणारं, फांद्या बिजागरीच्या, खाली लोखंडी स्टँड. खोक्यावर कंपनीचं नाव म्हणाल तर नाहीच. एक हसरं गोरं कुटुंब आणि ‘800 टिप्स’ एवढंच छापलेलं. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास नोव्हेंबर संपता संपता नाताळचा माल लागतो, तेव्हा घेतलं. साडेतीन हजार सांगितले, 2,800 ला सुटलं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलात तर घासाघीस विसरा. दुकानदार तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. त्यानंतर काही नाताळ या झाडावर निघालेत, त्यामुळे नव्याची नवलाई सरून गेल्यावरचं हे मत समजा.

आमच्याकडे वसईत झाड म्हणजे सुरूची फांदी. वाडीच्या बांधावर वारा अडवायला सुरू लावलेले असायचे. नाताळच्या एक-दोन दिवस आधी सासरे त्यातली एक बरी फांदी कोयत्याने उतरवून आणत, पत्र्याच्या डब्यात वाळू भरून, विटांचे तुकडे ठोसून उभी करत, आणि डब्याला लाल घोटीव कागद. सुरू दिसतो झोकदार, पण अंगात जोर नाही. काचेचा मोठा गोळा लावला की डहाळी सरळ मान टाकते. म्हणून सासरच्या घरातली सगळी सजावट हलकी. काडेपेट्यांना चॉकलेटची चांदी गुंडाळून केलेल्या भेटी. पतंगाच्या कागदाच्या साखळ्या. औषधाच्या दुकानात निळ्या कागदात मिळतो त्या कापसाचा बर्फ. आखातात गेलेल्या नातेवाइकांची कार्डं डहाळ्यांवर उघडी करून बसवलेली. काचेचे गोळे मोजकेच, तेही खोडाला खेटून. पुढे वाड्या विकल्या गेल्या, बांध गेले. किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत, पण ती वाळू आणि वारा थोपवायला राखलेली. तिथे कोयता घेऊन जाणं कायद्यात बसत नाही आणि मनालाही पटत नाही. शिवाय तोडलेला सुरू चार दिवसांत झडायला लागतो, आणि ते बारीक हिरवे तुकडे ईस्टरपर्यंत सोफ्याखाली निघत राहतात.

आता सुकेळ्यांचं. वसईची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी. मधाच्या रंगाची, चिवट, गोड. हल्ली करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि किंमतही तशीच. सासूबाईंच्या माहेरची रीत अशी की घरातल्या प्रत्येक मुलाच्या नावाची सुकेळ्यांची पुडी केळीच्या सुक्या पानात बांधायची, वर लाल दोरा, आणि झाडाला टांगायची. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून, म्हणजे प्रार्थनाविधीहून, परत आलं की मुलांनी आपापली पुडी सोडवायची, त्याआधी हात लावायचा नाही. सुरूला ती पुडी खोडालाच बांधावी लागे, त्यामुळे सगळ्या पुड्या मधोमध एका गठ्ठ्यात, आणि मुलांची भांडणंही मधोमध. नवं झाड घेताना सासूबाईंची अट एकच होती: पुडी फांदीच्या टोकाला लागली पाहिजे.

म्हणून मी पर्समध्ये एक पुडी घालूनच बाजारात गेले. दुकानदाराने तीन तऱ्हेची झाडं दाखवली. एक छत्रीसारखं उघडणारं: दांडा वर ओढला की झाड तयार, पण फांद्या नावापुरत्या. दुसरं हुकाचं: प्रत्येक फांदी सुटी, तिच्या बुडाला रंगीत पट्टी, आणि त्या रंगाच्या खाचेत ती अडकवायची. स्वस्त पडतं, पण रंग उडाले की पुढल्या वर्षी कुठली फांदी कुठे, हे कोडं सोडवत बसा. तिसरं बिजागरीचं: फांद्या दांड्यालाच जोडलेल्या, तुकडा सरळ उभा धरला की आपोआप खाली उघडतात. मी पुडी काढली आणि तिन्ही झाडांच्या मधल्या फेरीतल्या फांदीला, टोकापासून चार बोटं आत, टांगून बघितली. “भाभी, ये क्या लटकाया?” म्हणून तो आधी हसला, मग स्वतःच म्हणाला की असं तपासणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. छत्रीवाल्याची फांदी थेट जमिनीकडे वळली. हुकाची फांदी टिकली, पण खाचेतून तिरकी झाली. बिजागरीची किंचित झुकली आणि थांबली. हेच घेतलं.

याचं कारण साधं आहे. फांदी म्हणजे आत एक तार आणि तिच्याभोवती पीळ दिलेली पीव्हीसीची कातरलेली पट्टी. खोक्यावर छापलेल्या टिप्स म्हणजे त्या झालरीच्या टोकांचा आकडा. आकडा वाढला की झाड भरगच्च दिसतं, आतली तार मात्र जाड होत नाही. उलट, वजन वाचवायला काही जण तीच बारीक करतात. त्यामुळे 800 की 1,200 यावर डोकं खपवू नका, बोटाने तार चाचपा. साच्यातून काढलेल्या पीईच्या (पॉलिइथिलीन, दुसऱ्या जातीचं प्लास्टिक) टोकांची झाडंही मिळतात. ती जवळून बघितली तरी खऱ्या झाडाची वाटतात, पण किंमत दुपटीच्या पुढे जाते. आमच्यासारख्यांच्या घरी निम्मं झाड काडेपेट्यांखाली झाकलं जाणार, तर एवढा खर्च कशाला?

आमच्या झाडाचा खरा दोष वरच्या तुकड्यात आहे. खालच्या दोन तुकड्यांची तार दणकट, पण वरच्यात आणि विशेषतः शेंड्याला हात आखडता घेतलाय. शेंडा म्हणजे एकच काडी. तिच्यावर आमचा पत्र्याचा तारा, सासऱ्यांनी डालड्याचा डबा कापून केलेला, चढवला की तो एका बाजूला कलतो. दीर इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांनी शेंड्याला मागून पातळ सळी लावून दोन ठिकाणी केबल-टाय मारले, आता तारा ताठ उभा राहतो. ज्यांच्याकडे जिगाचा हलका तारा आहे त्यांना हा त्रास होणार नाही. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात आम्ही फक्त कार्डं आणि कागद लावतो, पुड्या सगळ्या खाली.

उभारायला किती वेळ लागतो, असं बऱ्याच जणी विचारतात. स्टँड आणि दांडा जोडणं हे चहा उकळेपर्यंतचं काम. खरा वेळ खातात त्या टिप्स. खोक्यात दाबून चपटी झालेली एकेक डहाळी हाताने सोडवायची, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर. हे नीट केलं नाही तर मधला दांडा दिसतो आणि झाड उपाशी वाटतं. आतून बाहेर आणि खालून वर असं करत या. पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला, नाहीतर कोपरापर्यंत ओरखडे आणि खाज. नव्या झाडाला प्लास्टिकचा वास येतो, तो खिडकी उघडी ठेवून काही दिवसांनी जातो. आमच्याकडे खालचा तुकडा मुलं फुलवतात, मधला मी, आणि वरचा ज्याचा हात पोचेल तो. धाकटा प्रत्येक टीप सारख्या अंतरावर लावायला बघतो, त्याला आवरावं लागतं.

घरातलं कुणी जन्माला आलं की एक नवा गोळा झाडावर चढतो आणि त्यावर नेलपॉलिशने नाव लिहितात, ही माझ्या माहेरची रीत मी बरोबर आणली. जुने गोळे काचेचे आहेत, आतून चांदीचा मुलामा दिलेले, फुटला की कवच अंड्याहून पातळ. त्यांची पितळी टोपी आणि आतली दोन पायांची तार सैल होते आणि गोळा टोपी फांदीवर सोडून खाली येतो. त्यामुळे लावण्यापूर्वी तारेचे पाय थोडे फाकवून घ्या. आताचे प्लास्टिकचे गोळे पडले तरी उड्या मारतात, पण त्यांच्यावर नेलपॉलिश नीट बसत नाही, अॅसिटोनने पुसायला गेलं तर रंगच सुटतो. हे झाड काचेचे गोळे छान पेलतं. सुरूवर जे कधीच जमलं नाही ते इथे झालं, नावांचे सगळे गोळे बाहेरच्या कडेला आले. गेलेल्या माणसांचेही.

झाडाबरोबर एलईडीची एक माळ फुकट मिळते. तिला फुकटच्या वस्तूसारखंच वागवा. डब्बीवर बटण आहे आणि आठ तऱ्हा आहेत. आम्हाला हवी ती एकच, सतत जळणारी. पण लाइट गेली आणि आली की माळ पुन्हा पहिल्या तऱ्हेवर जाऊन लुकलुकायला लागते, आणि कुणीतरी उठून बटण सात वेळा दाबायचं. रोजरीच्या, म्हणजे घरातल्या जपमाळेच्या प्रार्थनेच्या, मधेच झालं तर विचारू नका. आम्ही ती खिडकीला लावली आणि झाडाला साधी, बिनडब्बीची माळ घेतली. तरीही जुन्या सिरीजपेक्षा हे सुखाचं. त्या सिरीजमध्ये 6 व्होल्टचे साधारण 40 बल्ब एकामागोमाग जोडलेले असत, एक गेला की सगळी अंधारात, आणि काका लोक टेस्टर घेऊन फांदीत डोकं घालून बसत. वर गरम बल्ब, भोवती कापूस आणि जिग! घरं कशी वाचली कोण जाणे. एलईडी असली तरी झाड पीव्हीसीचंच, मेणबत्ती त्याच्यापासून लांब ठेवा.

गोठ्याचं काय, हा सासूबाईंचा दुसरा आक्षेप होता आणि तो रास्त आहे. आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी गोठा, बाळ येशूच्या जन्माचा देखावा. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, लागला की परातीत नाचणी आणि गहू पेरायचे, नाताळपर्यंत हातभर नाही तरी वीतभर हिरवळ वर येते, तीच गोठ्याभोवतीची शेतं. या झाडाची खालची फेरी जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच आणि स्टँडचे पाय दोन फुटांत फाकलेले, त्यामुळे गोठा खाली मावत नाही. मेंढपाळाच्या डोक्यात फांदी जाते. खोक्यावरच्या फोटोत खाली फक्त चौकोनी भेटवस्तू आहेत, त्यांना गोठा ठाऊक नसावा. आम्ही झाड पाटावर चढवलं, तेवढी उंची पुरली. सासूबाई तरी म्हणाल्याच, “झाड ही गोऱ्यांची हौस. आपल्याला संत फ्रान्सिसने गोठा दिला.” त्यांचं चूक नाही, 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात फ्रान्सिसनेच बैल आणि गाढव आणून गव्हाण मांडली होती. मी म्हटलं, “आई, 1982 पासून पोपच्या अंगणातसुद्धा झाड उभं असतं.” पोप दुसऱ्या जॉन पॉलनी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात सुरू केलेली ती पद्धत. यावर त्या म्हणाल्या, “तिथे गोठा मोठा असतो की झाड?” मी गप्प बसले. बाळ येशूच्या भेटीला निघालेल्या तीन राजांच्या मूर्ती मात्र झाड आल्यापासून लांबून यायला लागलेत: पहिल्या दिवशी चपलांच्या कपाटावर, मग फ्रिजवर, मग टीव्हीशेजारी, आणि 6 जानेवारीला गव्हाणीपाशी. झाडही त्याच दिवशी उतरतं.

उतरवल्यावर ठेवायचं कसं, हे मुंबई-पुण्याच्या परीक्षणांत कुणी लिहीत नाही, पण आम्हा किनाऱ्यावरच्यांचं अर्धं दुखणं तिथेच आहे. मूळ खोक्यात झाड परत मावत नाही, प्रयत्नही करू नका. प्रत्येक तुकड्याच्या फांद्या वर दाबून जुन्या चादरीत गुंडाळा, सुतळी बांधा आणि माळ्यावर उभं ठेवा. बिजागऱ्यांना शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब. पावसाळा खाऱ्या हवेचा असतो, तेल नसेल तर गंजाची भुकटी पुढल्या वर्षी पांढऱ्या कापसावर पडते.

ज्यांना प्लास्टिक नकोच त्यांनी नर्सरीत ‘क्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारा अरोकेरिया कुंडीत घ्यावा. दिसायला देखणा, पण फांद्यांच्या मजल्यांत मोकळी जागा फार, वाढ संथ, आणि शेंडा एकदा मोडला की तो डौल परत येत नाही. चार हलके तारे लावा, सुकेळी नको.

स्टँडबद्दल शेवटी लिहिते कारण तो या झाडाबरोबर धरूच नये. तीन पातळ पाय, प्रत्येकाला एक पंखाचा स्क्रू, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पायांवर गंजाचे पोपडे. पुड्या एका बाजूला जास्त झाल्या की झाड डुलतं. घराजवळच्या फॅब्रिकेटरकडून चार पायांचा एमएसचा (साध्या पोलादाचा) स्टँड करून घेतला, मधली नळी झाडाच्या दांड्याच्या मापाची, वर प्रायमर आणि हिरवा ऑइलपेंट, 600 रुपये. दांडा बरोबर घेऊन जा, कारण या दांड्यांची मापं वेगवेगळी असतात आणि नळी सैल झाली तर कागद ठोसत बसावं लागतं.