फ्लॅपचा दांडा, मुक्काम वागळे इस्टेट

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी जमिनीवर बसवायचा फ्लॅपचा (म्हणजे उतरताना पंखाच्या मागच्या कडेची जी झडप खाली सोडतात तिचा) दांडा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या लेथवाल्या काकांकडून करून घेतला. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

आधी हे खूळ कशासाठी, ते सांगते. मी अमेरिकेत पायपर चेरोकीवर शिकले. त्या विमानात फ्लॅपला मोटर नाही. दोन सीटच्या मधोमध, गाडीच्या हँडब्रेकसारखा दांडा असतो. तो वर ओढत गेलं की फ्लॅप १०, २५ आणि ४० अंशांच्या खाचांत बसतात. मिटायचे तर मुठीच्या टोकाचं बटण दाबून दांडा खाली न्यायचा. वायर नाही, फ्यूज नाही, तुम्ही ओढाल त्या वेगाने फ्लॅप उतरणार आणि हवेचा जोर थेट हाताला कळणार. मला तर इलेक्ट्रिक स्विचपेक्षा हेच आवडतं. सेसना कंपनीने आपल्या १७२ विमानाला साठच्या दशकात मोटर बसवली, पण १८० आणि १८५ या विमानांना शेवटपर्यंत दांडाच ठेवला, तो काही उगाच नाही.

पंचाईत एकच. फ्लॅप मिटलेले असताना दांडा जमिनीलगत आडवा पडलेला असतो आणि माझी उंची पाच फुटांना एक इंच कमी. पहिल्या खाचेसाठी वाकलं की नजर धावपट्टीवरून थेट बुटांवर. शिवाय वाकताना दुसऱ्या हातातला योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, नकळत पुढे ढकलला जातो आणि विमान नाक खाली घालतं. जुन्या विमानात खांद्याचा पट्टा रीलवरचा नसेल तर तेवढं वाकताही येत नाही.

यावर कोणीही पटकन सुचवतं, ‘दांडा लांब करा.’ काकांनी चित्र पाहिलं, खडू घेतला आणि गाळ्याच्या फरशीवर खऱ्या मापात दांडा काढला: एकदा आडवा, एकदा ओढलेला. मग म्हणाले, “मॅडम, सरळ लांबवला तर मूठ वर येत नाही, पुढे जाते. तुम्हाला वर पाहिजे ना?” विमानात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाने नेमकं दुखणं पकडलं. लांबीने जोर कमी लागतो हे खरं, पण त्याच कोनासाठी हात जास्त फिरवावा लागतो आणि वाकणं काही सुटत नाही.

म्हणून दांडा ४५ सेंटिमीटरचाच ठेवला आणि टोकाला ९ सेंटिमीटरची मूठ वर वळवून वेल्ड केली. आता पाठ सीटला टेकलेली असताना हात पोचतो, यासाठीच पैसे दिले होते. याची किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागते. ४० अंशांवर वळलेली मूठ मागे जाते आणि कोपर सीटच्या पाठीला लागतं. माझे हात आखूड, मला चालतं. धाकट्या भावाचं कोपर दर लँडिंगला आपटतं आणि तो मलाच शिव्या घालतो.

काम सुबक आहे. पितळी बुश, जराही खडखड नाही, मुठीला पकडीसाठीचं खरखरीत नर्लिंग छान. खाचांचा ‘टक’ आवाज तर इतका खरा की मुद्दाम दोनदा ओढावासा वाटतो. स्प्रिंगकडून मात्र फार अपेक्षा नको. खऱ्या विमानात वेग जास्त असेल तर दांडा जड लागतो, वेग उतरला की हलका येतो. इथे सदासर्वकाळ सारखाच.

तारा कापला तो बटणासाठी. दांड्याची नळी वाकडी असल्याने बटणापासून खाचेत बसणाऱ्या पिनपर्यंत आतून सरळ सळई जात नाही, म्हणून काकांनी सायकलच्या ब्रेकची केबल घातली. युक्ती झकास, पण केबल सैल पडली आणि पिन खाचेच्या कडेवर अडकू लागली. दांडा खाली जाताना अर्धी अडकणारी पिन तो वर येताना अर्धीच बसणार, हा खरा धोका. माझ्याकडे फार तर एक लँडिंग वाया जातं. खऱ्या विमानात धावपट्टीजवळ पिन सुटली तर फ्लॅप एकदम मिटतील आणि विमान खाली बसेल. असा जोड कोणी खऱ्या दांड्यावर ठोकायला जाऊ नये. तिकडे अमेरिकेत त्याला विमान नियामक एफएएची मंजुरी लागते, इकडे भारतात डीजीसीएची. काकांनी नंतर केबल ताणायचा नट फुकट बसवून दिला. तो पहिल्यापासून असता तर पाच तारे दिले असते.

सेन्सर आणि यूएसबी वायर धरून ७,२०० रुपये पडले. खालची पट्टी टाइल्सवर सरकते, रबरी मॅट तुमची तुम्ही आणा. कुरिअर करत नाहीत, गाळ्यावर जाऊनच घ्यावं लागतं. आणि जाताना आपल्या खुर्चीच्या बैठकीची उंची मोजून न्या, ते पहिला प्रश्न तोच विचारतात.