खर्ऱ्याने आखडलेले तोंड आणि मेडिकल परिसरातील दंत रुग्णालय

नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरात असलेल्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात मी माझ्या मेव्हण्यांना तपासणीसाठी घेऊन गेलो होतो. सावजी रस्सा तर सोडाच, साधी फोडणीची भाजीही त्यांच्या तोंडाला झोंबत होती आणि घास घेण्यापुरतेही तोंड नीट उघडत नव्हते. त्याआधी एका खासगी दवाखान्यात त्यांना केवळ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि गुळण्यांचे औषध मिळाले. गालात बोट घालून कोणी पाहिले नव्हते.

येथे मात्र तपासणी पुरती झाली. डॉक्टरांनी वरच्या आणि खालच्या दातांमधील अंतर मोजपट्टीने मोजले, दोन बोटांनी गाल चाचपून आतले कडक पट्टे शोधले, जीभ कापसाच्या पट्टीने धरून तिच्या कडा आणि खालची बाजू पाहिली आणि शेवटी जबड्याखाली व मानेत गाठ आहे का, हेही तपासले. निदान सबम्युकस फायब्रोसिसचे झाले, म्हणजे तोंडाच्या आतले अस्तर कडक होत जाऊन तोंड उघडणे कमी होण्याचा आजार. या आजाराचे मुख्य कारण सुपारी आहे, हे त्यांनी ज्या स्पष्टपणे सांगितले त्याचे मोल मला फार वाटते, कारण पानठेल्यावर ‘तंबाखू कमी टाक’ असे सांगून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण) घोटून घेणारे आपल्याकडे असंख्य आहेत आणि मेव्हणेही त्यांतलेच होते.

“आखडलेला भाग पूर्वीसारखा मऊ होईल, असे मी म्हणणार नाही, पण खर्रा आज सुटला तर आजार वाढणे थांबू शकते,” असे डॉक्टर म्हणाले. खोटा दिलासा न देणारे हे बोलणे मला आवडले. जिथे खर्रा धरून ठेवला जाई, तिथे पांढरा चट्टा होता. तो भाग बधिर करून त्याचा लहानसा तुकडा बायोप्सीसाठी घेतला. अहवालात कर्करोग नव्हता, मात्र हा आजार आणि असे चट्टे पुढे कर्करोगात बदलू शकतात, म्हणून नियमित तपासणी सांगितली आहे. तोंड उघडण्याचा व्यायाम दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकेक वाढवत करायचा असतो. तो त्यांनी तिथेच करवून घेतला.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चट्टा असेल तर येथे अवश्य जावे. घास गिळताना अडकत असेल तर मात्र अन्ननलिकेची तपासणी लागते, त्यासाठी कान-नाक-घसा विभाग गाठावा. जुने अहवाल सोबत न्यावेत आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तुकडा घेण्यापूर्वीच सांगावे.