बदलत्या टोकांचा सुईसंच : अर्धवट विणकामांवर आठ महिने वापरल्यानंतर

संचात लाकडी टोकांच्या आठ जोड्या आहेत (३.५, ४, ४.५, ५, ५.५, ६, ७ आणि ८ मिमी), शिवाय दोन टोकांना जोडणाऱ्या ६०, ८० आणि १०० सेंमीच्या तीन लवचिक केबल, सहा टोपणं आणि घट्ट आवळायच्या दोन किल्ल्या. केबलवर लिहिलेली लांबी टोकं जोडल्यावरची असते. १२ सेंमीची दोन टोकं वजा केली की ६० सेंमीची केबल नुसती मोजल्यावर ३६ च भरते. कमी लांबीची केबल आली, असा अनेकांचा समज होतो तो यामुळे.

नवीन स्वेटर विणायला घेण्यापेक्षा रखडलेली कामं मार्गी लावायला हा संच जास्त उपयोगी पडला. या काळात त्यावर कार्डिगनची पाठ, दुसरी बाही, जाळीची शाल आणि टोपी अशी चार कामं फिरत राहिली. साध्या सुयांवर प्रत्येक अर्धवट काम एक जोडी अडवून बसतं. इथे ओळ पूर्ण करायची, टोकं काढायची, केबलच्या दोन्ही बाजूंना टोपणं लावायची आणि काम पिशवीत ठेवायचं. टोकं लगेच दुसऱ्या कामाला मोकळी होतात. त्यामुळे खरी टंचाई केबलची होते. तीन केबल म्हणजे तीनच कामं, म्हणून ८० सेंमीच्या दोन केबल जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात.

याच सोयीत एक मोठी चूक दडलेली आहे. टोकं काढली की ते काम कितीच्या सुईवर चाललं होतं, हे सांगणारं काहीच उरत नाही. दोन महिन्यांनी ४ ऐवजी ४.५ ची टोकं लागली, तर पुढचा भाग सैल होतो आणि ते दहा-बारा ओळींनंतर डोळ्यांना दिसतं. म्हणून टोपण लावतानाच चिठ्ठी बांधायची. तिच्यावर सुईचं माप मिमीमध्ये, लाकूड की धातू, शेवटची ओळ सुलट की उलट, आणि बॉर्डरपासून किती ओळी झाल्या एवढं लिहायचं. मापासाठी नंबर लिहू नये. जुन्या ब्रिटिश पद्धतीत १० नंबरची सुई ३.२५ मिमीची असते आणि अमेरिकन पद्धतीत ६ मिमीची. एकीत नंबर वाढला की सुई बारीक होते, दुसरीत जाड.

लाकूड की धातू हे लिहिण्याचं कारण दुसऱ्या बाहीत दिसतं. पहिली बाही स्टीलच्या ४ मिमीवर झाली असेल आणि दुसरी लाकडी ४ मिमीवर घेतली, तर हात तोच असूनही १० सेंमीत २२ ऐवजी २१ टाके बसू शकतात. ८८ टाक्यांच्या घेरात हा फरक जवळजवळ दोन सेंमीचा होतो. जोडीचे भाग एकाच प्रकारच्या सुयांवर करावेत.

महिनोन् महिने केबलवर राहिलेली शेवटची ओळ थोडी ताणली जाते. तिच्यावर तसंच पुढे विणलं तर तिथे आडवी रेघ उमटते आणि ती धुतल्यावरही पुरती जात नाही. काम पुन्हा हातात घेताना ती एक ओळ उसवून नव्याने विणायची.

संचाची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे जोड सुटणे. विणताना केबल पिळत जाते आणि तो पीळ टोक आणि केबल जोडणाऱ्या स्क्रूच्या आट्यांवर येऊन टोक हळूहळू उलटं फिरतं. फट पडली की टाके तिथे अडकतात, आणि जोर लावून ओढले तर केबल निसटून वीस-तीस टाके एकदम मोकळे होतात. नुसत्या बोटांनी आवळणं पुरत नाही. जोडाजवळच्या बारीक भोकात किल्ली घालून केबल धरायची, रबराच्या तुकड्याने टोक बुडाशी पकडायचं आणि पाव फेरा जास्त द्यायचा. टोकाला लाकडावर धरून पिळलं तर लाकूड धातूच्या टोपीतून सैल होतं. आट्यांत लोकरीचा भुसा अडकतो, तो महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने काढावा. केबल वेटोळ्यातून सरळ होत नसेल तर गरम पाण्यात मिनिटभर बुडवून, ओढून धरून थंड होऊ द्यावी.

जोडाजवळच्या त्याच भोकाचा जाळीच्या शालीला अप्रतिम उपयोग होतो. नमुन्याची एक आवृत्ती संपल्यावरच्या साध्या ओळीला भोकातून गुळगुळीत सुती दोरा ओवायचा आणि ओळ विणायची. सुईमागोमाग दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो. ओळ संपली की दोरा भोकातून सोडवून टाक्यांतच राहू द्यायचा. पुढे चूक झाली तर तिथपर्यंत बिनधास्त उसवता येतं. फक्त खुणेच्या बंद कड्या या ओळीत नकोत, दोरा त्यांच्यातूनही जातो आणि त्या अडकून बसतात. उघडणाऱ्या कड्या वापराव्यात.

टोपीसाठी मात्र हा संच गैरसोयीचा आहे. ५० सेंमीच्या घेरात ६० सेंमीची सुई बसत नाही, टाके ताणले जातात. १०० ची केबल घेऊन मधून फास काढत, म्हणजे मॅजिक लूपने, काम होतं, पण वेग कमी पडतो. गोल विणकामात एक सवलत मिळते : टाक्याचं माप उजव्या टोकावर ठरतं, त्यामुळे डावीकडे एक माप बारीक टोक लावलं तर टाके सहज सरकतात. ओळी उलटसुलट करत सपाट विणताना हे करू नये, कारण टोकांची बाजू दर ओळीला बदलते.

विणताना वाचायचं असेल तर कोणतं काम उचलायचं हे आधी ठरवावं. गोल घेरातली सुलट वीण बोटांना पाठ होते, तिच्यासोबत कादंबरी निवांत वाचून होते. फेरी सुरू होते तिथली कडी बोटाला लागते, तेवढ्यावर मोजणी चालते. पुस्तक तिरक्या स्टँडवर ठेवून दोन्ही बाजूंना क्लिप लावाव्यात. ई-रीडर असेल तर अक्षर इतकंच मोठं ठेवावं की पान लवकर लवकर उलटावं लागणार नाही. सपाट कामात कथासंग्रह बरा, कारण उलट ओळीला नजर खाली जाते आणि लांब वाक्याचा धागा तुटतो. टाके कमी करायच्या ओळींना ऑडिओबुक चालतं. जाळीला तेही नको. डोक्यात ‘दोन एकत्र, एक वेढा, तीन सुलट’ चालू असताना कानावर शब्द पडले की आकडा चुकतो, आणि तो चुकला हे चार ओळींनंतर कळतं.

वाचता वाचता थांबायची वेळ आली तर आधी फेरी पूर्ण करावी, चिठ्ठीवर ओळ लिहावी, मग पुस्तकात खूण घालावी. उलट क्रमाने केलं की चिठ्ठी राहून जाते.