उंच ड्रायव्हर, लहान रेसकार: जागा नेमकी कुठून काढावी?

उंच माणूस लहान रेसकारमध्ये बसायला निघाला की आधी पायांची काळजी सुरू होते. गुडघे कुठे जातील, बूट दोन पेडलांच्या मध्ये मावेल का, वगैरे. काळजी खरी आहे, पण तिचा नंबर दुसरा. पायांसाठी काही ना काही मार्ग निघतोच. डोक्यासाठी मार्ग शोधताना मात्र लोक जिवाशी खेळतात, आणि आपण तसं करतोय हे बऱ्याचदा त्यांच्या लक्षातही येत नाही.

म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी स्वतःचं एक माप घ्या. कडक, सपाट स्टुलावर भिंतीला पाठ टेकवून ताठ बसा, हेल्मेट घाला आणि स्टुलापासून हेल्मेटच्या टोकापर्यंत मोजा. माणसाची बैठी उंची साधारणपणे एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त असते. १८८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची ती ९७-९८ च्या आसपास येते आणि हेल्मेटचे वर चार-पाच सेंटिमीटर धरावे लागतात. पण हा सरासरीचा हिशोब झाला. दोघांची उंची सारखी असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. लांब पायांचा माणूस ज्या गाडीत सहज बसतो, त्याच गाडीत लांब धडाचा माणूस रोलबारच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या नळीच्या) वर डोकावतो. ‘माझ्या उंचीचा अमुक जण ही गाडी चालवतो’ या भरवशावर गाडी घेऊ नका.

दुसरं माप गाडीचं. मागच्या रोल हूपच्या (रोलबारच्या कमानीच्या) माथ्यापासून पुढच्या हूपच्या माथ्यापर्यंत एक सरळ काठी ठेवा. हेल्मेट त्या काठीच्या खाली किती राहतं ते बघा. फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसकारच्या स्पर्धेच्या) नियमांत हे अंतर किमान ५० मिलिमीटर आहे, आणि खुल्या गाड्यांच्या अनेक क्लब-नियमांतही दोन इंचांचाच आकडा आढळतो. फॉर्म्युला वनच्या नियमांत हेल्मेटसाठी अनेक वर्षं ७० मिलिमीटर होते. मला ७० चा आकडाच पटतो. पट्टे कितीही आवळले तरी ते ताणले जातात, आणि गाडी उलटी झाली की शरीर सीटमधून वर सरकतं. त्या क्षणी काठीखालचे पाच सेंटिमीटर पाच राहत नाहीत.

हे माप पट्टे पूर्ण आवळून, हॅन्स (खांद्यांवर बसणारं, हेल्मेटला बांधून मान वाचवणारं उपकरण) लावून आणि ताठ बसूनच घ्यायचं. तांत्रिक तपासणीच्या वेळी पोक काढून, हनुवटी छातीला लावून पास होणारे ड्रायव्हर असतात. तपासनीस फसतो, रोलबार फसत नाही.

आधी सीट: बकेट सीट की अंगाच्या साच्याचा फोम?

सर्वांत स्वस्त सेंटिमीटर इथे मिळतात. उत्पादन-गाडीवरून, म्हणजे रस्त्यावरच्या नेहमीच्या गाडीवरून, बनवलेल्या रेसकारमध्ये सीट पुढे-मागे सरकवायच्या रुळांवर बसवलेली असेल, तर रूळ काढून सीट थेट पक्क्या ब्रॅकेटवर बसवली की तीन-चार सेंटिमीटर हाती लागतात. गाडी तुम्ही एकटेच चालवणार असाल तर रुळांची गरजही नसते. सीटची गादी काढून तिथे पातळ, घट्ट पॅड ठेवलं की आणखी थोडं मिळतं. मऊ गादी तशीही वाईटच. अपघातात ती दबते, तेवढे पट्टे सैल पडतात आणि मणक्याला जोराचा हिसका बसतो.

फॉर्म्युला प्रकारच्या (एकाच सीटच्या, उघड्या चाकांच्या) गाडीच्या अरुंद कॉकपिटमध्ये सीटचं कवचच काढून अंगाच्या साच्याची सीट बनवतात. तिचे दोन प्रकार आहेत. एक, दोन रसायनं मिसळून फुगणारा फोम. दुसरा, पिशवीत बारीक मणी आणि रेझिन भरून, हवा ओढून घट्ट केलेली सीट. फुगणारा फोम स्वस्त आणि झटपट होतो, पण उंच माणसासाठी त्यात एक खोट आहे. फोम फुगताना तुम्हालाच वर ढकलतो. ज्या दोन-तीन सेंटिमीटरसाठी सगळा खटाटोप केला, ते तिथेच जातात. उपाय असा: आधी फक्त पाठीमागे आणि कुशीला फोम ओता, बूड तळाला टेकलेलं ठेवा, पट्टे आवळून घ्या, आणि फोम घट्ट होईपर्यंत कोणालातरी खांदे दाबून धरायला सांगा. बुडाखाली नंतर जेमतेम थर द्या. रसायनं मिसळली की फोम चांगलाच तापतो आणि वाफाही सुटतात, म्हणून जाड प्लास्टिकची पिशवी, अंगात पूर्ण सूट आणि मोकळी हवा हवीच.

मण्यांच्या सीटला वेळ आणि पैसे जास्त लागतात. पण हवा ओढण्याआधी बुडाखालचे मणी हाताने बाजूला सारता येतात, त्यामुळे बसण्याची उंची तुमच्या ताब्यात राहते. उंच ड्रायव्हरने पैसे इथे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद गाड्यांच्या बऱ्याच वर्गांत मात्र एफआयएची (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेची) मान्यता असलेली सीटच लागते. तिथे मान्यताप्राप्त सीटचं कवच कापून खोल करायच्या भानगडीत पडू नका. कापलं की मान्यताही गेली आणि ताकदही. शिवाय सीटच्या पाठीची उंची बघा. पट्ट्यांची भोकं खांद्याच्या बरीच खाली येत असतील किंवा डोक्याच्या बाजूचे पंख हेल्मेटच्या मध्यापर्यंत पोचत नसतील, तर ती सीट तुमच्या मापाची नाही.

पाठ कलती करायची की तळ खाली न्यायचा?

खरा निर्णय इथे आहे. बहुतेक जण पहिला पर्याय घेतात, कारण त्यात काही कापावं लागत नाही. त्याची किंमत काय, ते आकड्यांत बघू.

समजा कमरेच्या सांध्यापासून खांद्यापर्यंत ६० सेंटिमीटर आहेत. पाठ उभ्या रेषेपासून २० अंश मागे असेल तर खांदा कमरेच्या ५६ सेंटिमीटर वर असतो. ३० अंशांवर ५२, आणि ४० अंशांवर ४६. म्हणजे २० वरून ४० वर गेलात की दहा सेंटिमीटर उंची वाचली. भरपूर वाटते. पण त्याच वेळी कमर आणि खांदा यांच्यातलं आडवं अंतर साडेवीसवरून साडेअडतीसवर जातं. खांदे मागच्या भिंतीला टेकलेलेच राहणार, म्हणून कमर १८ सेंटिमीटर पुढे सरकते. मागोमाग गुडघे पुढे येतात, वर उचलले जातात आणि स्टीअरिंगला लागायला लागतात. दहा सेंटिमीटर वर मिळवले आणि अठरा पुढे गमावले. आधीच लांब पाय असलेल्या माणसाला हा सौदा परवडत नाही.

आणखी एक गोष्ट. धड कललं तरी मान आणि डोकं बरंचसं उभंच ठेवावं लागतं, नाहीतर समोरचं दिसणार कसं? त्यामुळे मानेच्या वरच्या भागात काहीच वाचत नाही, उलट मान पुढे वाकवून ठेवायचा ताण वाढतो.

सुरक्षेच्या बाजूने बघितलं तर कलतं बसणं मुळात चूक नाही. फॉर्म्युला गाड्या तशाच बांधलेल्या असतात. मात्र मग सगळी जुळणी तशी लागते. कमरेचा पट्टा ओटीपोटावर न चढता ओटीच्या हाडावर, खाली घट्ट बसला पाहिजे. कलत्या शरीराला समोरच्या धडकेत पट्ट्याखालून पुढे घसरायची ओढ असते, म्हणून मांड्यांमधून जाणारे दोन पट्टे असलेला सहा पट्ट्यांचा हार्नेस हवा. हॅन्सही वेगवेगळ्या कोनांत मिळतं: ताठ सीटसाठी २० अंशांचं, मधल्यासाठी ३०, बऱ्याच कलत्या सीटसाठी ४०. बंद गाडीतलं जुनं २० अंशांचं हॅन्स कलत्या सीटमध्ये वापरलं तर ते खांद्यावर नीट बसत नाही. अडचणीच्या कॉकपिटमध्ये हॅन्स नीट न बसणं किती महागात पडतं, ते २००३ च्या फॉर्म्युला वनच्या मलेशियन ग्रां प्रीमध्ये दिसलं. मिनार्डी संघाकडून धावणारा सुमारे सहा फूट चार इंच उंचीचा जस्टिन विल्सन शर्यत अर्धवट सोडून बाहेर पडला. हॅन्स जागचं हललं होतं आणि त्याच्या दाबाने त्याचे हात बधिर झाले होते.

आता तळ खाली नेण्याचा पर्याय. उत्पादन-गाडीवरून बनवलेल्या रेसकारमध्ये ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा कापून तिथे खोलगट पेटी वेल्ड करतात. जुन्या माझ्दा एमएक्स-५ सारख्या लहान खुल्या गाड्यांमध्ये उंच ड्रायव्हर हे सर्रास करतात. काम मोठं आहे. आतलं सगळं काढावं लागतं, खालून जाणाऱ्या ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या आधी शोधाव्या लागतात, आणि वेल्डिंग चांगल्या हाताचं लागतं. पण इथे मिळालेला प्रत्येक सेंटिमीटर पूर्णपणे तुमचा. गुडघे पुढे जात नाहीत, मान वाकत नाही, दृष्टी विंडस्क्रीनच्या वरच्या पट्टीखाली येते.

याचा सर्वांत मोठा फायदा फार कमी जण मोजतात. उंच माणसाचे खांदे हार्नेसच्या आडव्या नळीच्या वर राहिले की खांद्यावरचे पट्टे मागे तीव्र उतारावर जातात. समोरून धडक बसली की ते पट्टे खांदे खाली दाबतात आणि तो सगळा भार मणक्यावर येतो. हॅन्ससोबत हा उतार आडव्या रेषेपासून २० अंशांच्या आतच असावा. सीट खाली गेली की खांदे नळीच्या पातळीला येतात आणि कोन आपोआप सुधारतो. डोकं, नजर आणि पट्टे, तिन्ही एका कामात मार्गी लागतात. दुसऱ्या कुठल्याही पर्यायात हे होत नाही.

तीन अटी आहेत. पेटी चेसिसच्या खालच्या रेषेच्या खाली लोंबता कामा नये, नाहीतर ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर सर्वांत आधी तुमचं माकडहाड आपटेल. सीटचे ब्रॅकेट नुसत्या नव्या पत्र्यावर न बसवता केजच्या (ड्रायव्हरभोवतीच्या संरक्षक नळ्यांच्या पिंजऱ्याच्या) नळ्यांना किंवा चेसिसच्या मूळ आडव्या पट्ट्यांना जोडलेले हवेत. आणि कापायच्या आधी तुमच्या वर्गाचे नियम वाचा. काही वर्गांत तळाला हात लावायला परवानगीच नसते.

नळ्यांच्या चेसिसच्या फॉर्म्युला गाडीत तळ आधीच जमिनीलगत असतो, तिथे हा पर्याय जवळपास नसतोच. मग कलतं बसणं आणि मण्यांची सीट एवढंच उरतं.

रोलबार उंच करणं

नवा, उंच हूप मुळापासून बनवून बसवला तर हा मार्ग योग्य आहे. जुन्या हूपवर तुकडा वेल्ड करून उंची वाढवणं नको. उलटताना सगळा भार माथ्यावर येतो आणि नेमका तिथेच तुम्ही जोड ठेवलेला असतो. हूप उंच झाला की मागचे आधारही वर न्यावे लागतात. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत हे आधार माथ्यापासून १६० मिलिमीटरच्या आत जोडायचे असतात, आणि हूपशी त्यांचा कोन किमान ३० अंशांचा ठेवायचा असतो. तुमच्या वर्गाचा नियम वेगळा असला तरी हे आकडे चांगली मोजपट्टी आहेत.

बंद गाडीत छताला फुगवटा काढायची कल्पना जुनी आहे. १९६७ च्या ले मान्समध्ये डॅन गर्नीच्या फोर्ड मार्क ४ ला त्याच्या हेल्मेटसाठी छतावर असा फुगा होता, आणि ए. जे. फॉइटसोबत त्याने ती शर्यत जिंकलीही. आजच्या उंच ड्रायव्हरने मात्र त्यातून धडा घेताना जपून घ्यावा. छताचा पत्रा वर गेला म्हणून केजच्या नळ्या वर जात नाहीत. हेल्मेट नळ्यांच्या रेषेबाहेर गेलं तर फुगा जागा देतो, संरक्षण देत नाही. बंद गाडीत बाजूच्या नळीपासूनचं अंतरही बघा. बाजूने धडक बसली की आवळलेल्या पट्ट्यांतही डोकं बरंच हलतं. हेल्मेट पोचेल अशा प्रत्येक नळीवर रोलबारसाठीचं मान्यताप्राप्त कडक पॅडिंग लावा. पाइपवर चढवायचा मऊ फोम तिथे निरुपयोगी आहे.

पेडल आणि स्टीअरिंग

हे तुलनेने सोपं. पेडलबॉक्स पुढे न्या, पण पावलं पुढच्या चाकांच्या अक्षाच्या मागेच राहू द्या. फॉर्म्युला वनने १९८८ पासून हा नियम आणला तो पाय वाचवण्यासाठीच. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. ताठ पायावर धडक बसली की भार थेट खुब्यापर्यंत जातो. लहान व्यासाचं, खालून सपाट स्टीअरिंग आणि स्टीअरिंग झटकन काढता येणारा हब गुडघ्यांना जागा देतात. लहान स्टीअरिंग जड लागतं, तेवढं सोसावं.

की गाडीच दुसरी घ्यावी?

सीट खाली नेऊन आणि तळ उतरवूनही काठीखाली पाच सेंटिमीटर मिळत नसतील, तर ती गाडी तुमची नाही. कितीही आवडती असली तरी. १९९५ मध्ये नायजेल मॅन्सेल मॅक्लॅरेनच्या कॉकपिटमध्ये मावेना, तेव्हा तो मोसमाच्या पहिल्या दोन शर्यतींना मुकला आणि संघाने त्याच्यासाठी रुंद चेसिस बनवली. तुमच्यासाठी कोणी चेसिस बनवणार नाही, पण मोठी आवृत्ती निवडणं तुमच्या हातात आहे. केटरहॅमच्या सेव्हन या लहान खुल्या गाडीमध्ये नेहमीच्या चेसिसशिवाय रुंद आणि लांब एसव्ही चेसिस मिळते. थोडं जास्त वजन पत्करून नीट बसता येत असेल तर मी दर वेळी तीच निवडेन. वर्गाचं किमान वजन ड्रायव्हरसह मोजतात का, हेही विचारून घ्या. मोजत असतील तर तुमच्या अंगच्या वजनाचा तोटा बराच कमी होतो.

गाडी बघायला जाताना स्वतःचं हेल्मेट, हॅन्स आणि रेसिंगचे बूट सोबत न्या. बसा, पट्टे आवळा, काठी लावून घ्या. मग कोणालातरी घड्याळ धरायला सांगा आणि पट्टे सोडून, स्टीअरिंग काढून बाहेर या. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये यासाठी पाच सेकंद देतात. उंच माणसाची नडगी डॅशच्या कडेत अडकते ती इथेच, आणि आग लागल्यावर ती सोडवत बसायला वेळ नसतो. पहिल्या खेपेला जास्त वेळ लागला तर हरकत नाही. चार-पाच वेळा करूनही पाय त्याच जागी अडकत असेल, तर डॅश किंवा स्टीअरिंगची जागा बदलता येते का ते तिथेच विचारा. येत नसेल तर पुढची गाडी बघा.