उल्हासनगरचं चिंधीचं गोदाम : जीन्सची पिसं करायची असतील तर इथे जा

भाचीच्या बाळाच्या पाळण्यावरचं चिमणाळं मीच करणार, हे मी तिला सातव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. यंदा कापसाच्या चिमण्या आणि पोपट नको होते. नुसती पिसं टांगायची होती, तीही जीन्सच्या टाकाऊ कापडाची. आधी ऑनलाइन एक पाकीट मागवलं. 250 ग्रॅमला 350 रुपये, त्यात चार-चार इंचांचे तुकडे आणि निम्म्याहून जास्त लायक्रावाले, म्हणजे रबरासारखे ताणले जाणारे. ते पैसे वाया गेले. मग शेजारच्या शिंपीकाकांनी सांगितलं, "ताई, पाच नंबरला जा, तिथे हेच किलोने मिळतं."

पाच नंबर म्हणजे उल्हासनगरचा कॅम्प पाच. डोंबिवलीहून कर्जतची किंवा बदलापूरची गाडी पकडायची आणि विठ्ठलवाडीला उतरायचं. उल्हासनगर स्टेशनला उतरलात तर उलटी पायपीट होते. जीन्सच्या बाजारामागच्या गल्लीत हे गोदाम आहे. त्याला पाटी नाही, पण दारात निळी पोती रचलेली असतात, त्यामुळे चुकत नाही. आसपासच्या कारखान्यांत जीन्स कापताना जे उरतं ते सगळं इथे येतं. मी गेले तेव्हा सरमिसळ माल 30 रुपये किलो होता आणि हातभर लांबीचे निवडक तुकडे 80 रुपये किलो.

या दुकानाला मी मनापासून चांगलं म्हणते ते एका गोष्टीसाठी. इथले भाऊ पोतं उपडं करून बसू देतात. मी सव्वा तास निवडत होते, त्यांनी एकदाही घाई केली नाही. उलट पंखा माझ्याकडे वळवला. कापडाची जाडी ते औंसात सांगतात, म्हणजे एक चौरस यार्ड कापडाच्या वजनावरून. पिसांना दहा औंसाच्या आसपासचं कापड उत्तम. चौदा औंसाचं इतकं जाड असतं की पिसाच्या कडांना बारीक चिरा देताना अंगठा सुजतो, आणि शर्टाचं पातळ कापड लगेच मान टाकतं.

लायक्रा मात्र तुम्हालाच ओळखावा लागतो, पोत्यात तो सर्रास मिसळलेला असतो. तुकडा आडवा ताणून बघा. लांबला आणि परत आत गेला तर बाजूला टाका. अशा कापडाला चिरा दिल्या की रबरासारखे बारीक धागे बाहेर येतात आणि पीस सुरवंटासारखं वळतं. माझ्या तीन किलोंतला जवळजवळ किलोभर माल असाच निघाला, कारण शेवटी शेवटी मी दमून न ताणताच तुकडे पिशवीत टाकले. तो मी पायपुसण्याला वापरला.

दुसरी गोष्ट म्हणजे हे कापड कोरं असतं. शिवल्यावर जीन्स धुलाईला जाते, हे तुकडे त्याआधीचे. त्यांत खळ असते आणि रंग हाताला लागतो. बाळाच्या वस्तूसाठी मी ते चारदा भिजवून धुतलं, तिसऱ्या पाण्यालाही निळी झाक होतीच. मोरीतून ते निळं पाणी जाताना बघून वालधुनी नदी आठवली. तिच्या प्रदूषणाचं प्रकरण पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. म्हणून चौथं पाणी मी कुंड्यांजवळची फरशी धुवायला वापरलं.

आता पिसाचं सांगते, कारण त्यासाठीच एवढं निवडायचं. पीस नेहमी उरेब कापायचं, म्हणजे मधली दांडी कापडाच्या तिरप्या रेषेवर आली पाहिजे. मग दोन्ही बाजूंच्या चिरा आपोआप धाग्याच्या दिशेने जातात. जीन्सचा उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. त्यामुळे चिरा देऊन कडा ब्रशने विस्कटल्या की एका बाजूला निळे धागे उरतात आणि दुसऱ्या बाजूला पांढरे. मी रंगाला बोटही लावलं नव्हतं, तरी एकाच पिसाचा अर्धा भाग गडद आणि अर्धा फिकट झाला. नीलपंखाने पंख उघडले की गडद आणि फिकट निळा असेच शेजारी शेजारी दिसतात. पहिलं पीस असं उमललं तेव्हा मी ते खिडकीत धरून कितीतरी वेळ बघत उभी होते.

बरेच जण दांडीत तार घालतात. पाळण्यासाठी मी ती घातली नाही, डिंकही नाही. कापडाच्या दोन थरांमध्ये सुती दोरी ठेवून 16 नंबरच्या सुईने दोन्हीकडून शिलाई मारली. कापायला मेरठची मोठी कात्री आणि चिरांना छोटी टोकदार. शेवटी साबुदाण्याची पातळ खळ लावून पिसं सावलीत वाळवली, की ती ताठ राहतात. एका पिसाला मला पाऊण तास लागतो, आणि चिमणाळ्याला पंधरा पिसं लागली.

हातभर लांबीच्या तुकड्यांतून बाळाला डंगरीही झाली. डंगरी हा शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरूनच इंग्रजीत गेला, तिथे मिळणाऱ्या जाड सुती कापडावरून. बारशाला जमलेल्या बायकांना हे सांगितलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "म्हणजे लेक माहेरीच आली की!"

गोदामात त्रास होतो तो धुळीचा. कापसाची तूस इतकी उडते की मास्क हवाच, दम्याच्या माणसाने तर जाऊच नये. पावसाळ्यात तळाच्या पोत्यांना कुबट वास येतो, तेव्हा वरची पोती मागा. पिशवी आपली न्या, बिल मिळत नाही. वजन माझ्यासमोर केलं आणि घरच्या काट्यावरही ते बरोबर भरलं.

परवा पुन्हा गेले होते. आडवा धागाही काळा असलेली जीन्स आली तर तिचे तुकडे बाजूला ठेवा, असं भाऊंना सांगून आलेय. त्यांनी पुठ्ठ्यावर खडूने "पिसंवाली ताई – काळा" असं लिहून तो पोत्यात खोचला. चिऊची पिसं झाली, काऊची राहिलीत.