‘काम बोगस’ की ‘सरपंचानं पैसे खाल्ले’?

पहिल्याच पावसात सिमेंट रस्त्याची खडी उघडी पडली, की गावच्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज येतात. ‘काम बोगस झालंय, अंदाजपत्रक दाखवा’ ही टीका. तिच्या पाठीशी राज्यघटनेतला अनुच्छेद १९(१)(क), म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, आहे. ‘सरपंचानं पैसे खाल्ले’ हा थेट माणसावर आरोप. इथं १९(२) मधलं बदनामीचं बंधन आडवं येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. नुसतं ‘खरंय’ म्हणून भागत नाही; खरेपणासोबत लोकहितही दाखवावं लागतं.

(निजामाच्या राज्यात गश्ती ५३ या सरकारी परिपत्रकामुळं सभेलाच आगाऊ परवानगी लागायची, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा.)

मी पहिलाच मेसेज टाकीन, खडीच्या फोटोसकट. दुसरा टाकायचाच तर आधी माहिती अधिकारात बिलं काढा.