बनावट स्पोर्ट्‌स कार्डं ओळखायला भिंग, काटा आणि यूव्ही टॉर्च: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

न्यू जर्सीत आमच्या आजूबाजूच्या मराठी घरांतली बरीच मुलं बास्केटबॉलची, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं जमवतात. वाढदिवसाचे पैसे, भारतात परत जाताना आजीने हातात ठेवलेले डॉलर, सगळं त्यातच जातं. खरेदी मुख्यतः ऑनलाइन होते आणि तिथे बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी तीन वस्तू मागवल्या: १० आणि ३० पट मोठं दाखवणारं, दिवा असलेलं सोनारी भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणि एक यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाची टॉर्च. तेव्हापासून माझ्या मुलाची आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या इतर मुलांची कार्डं मी तपासून देते. तिन्ही वस्तूंनी काय दिलं आणि कुठे हात टेकले, ते सविस्तर लिहिते.

आधी भिंगाबद्दल, कारण खरं काम तेच करतं. जुनी कार्डं ऑफसेट पद्धतीने छापलेली असतात. फोटोचा भाग भिंगाखाली धरला की निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची शिस्तीत मांडलेली नक्षी दिसते. बारीक काळी अक्षरं आणि रेषा मात्र सहसा सलग शाईच्या, कडा स्वच्छ असलेल्या. बनावट कार्ड बनवणारा खऱ्या कार्डाचं स्कॅन घेऊन छापतो, त्यामुळे त्याची अक्षरंही फोटोसारखीच ठिपक्यांची होतात आणि त्यांच्या कडा विसकटतात. नुसत्या डोळ्यांना हे अजिबात दिसत नाही, ३० पटीत लगेच दिसतं.

पण फक्त संशयित कार्डाकडे बघून निष्कर्ष काढू नका. त्याच वर्षाच्या, त्याच संचातलं एखादं साधं, स्वस्त कार्ड शेजारी ठेवा. उदाहरण देते. १९८६-८७ चा फ्लिअर कंपनीचा बास्केटबॉल संच १३२ कार्डांचा आहे आणि त्यातलं ५७ क्रमांकाचं मायकेल जॉर्डनचं कार्ड या छंदातल्या सर्वाधिक नकला झालेल्या कार्डांपैकी एक आहे. खरं जॉर्डन हजारो डॉलरचं, पण त्याच संचातलं एखाद्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूचं कार्ड अगदी थोडक्या पैशांत मिळतं. मी ओळखीच्या, वर्षानुवर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाकडून असं एक घेऊन ठेवलं आहे. कागदाचा पोत, मागच्या बाजूचा रंग, अक्षरांची धार, सगळं त्याच्याशी ताडून बघता येतं. माझ्या मते या सगळ्या खर्चातला सगळ्यात उपयोगी पैसा त्या साध्या कार्डावर गेला.

भिंगाच्या मर्यादाही आहेत. प्लास्टिकच्या सीलबंद डबीतल्या, म्हणजे स्लॅबमधल्या कार्डावर ३० पटीचं भिंग नीट टेकत नाही. ते कार्डाच्या अगदी जवळ न्यावं लागतं आणि मध्ये प्लास्टिकची जाडी येते. तिथे १० पटीनेच काम भागवते. चकाकणाऱ्या क्रोम कार्डांवर भिंगाचा स्वतःचा दिवा परावर्तित होऊन डोळ्यांवर येतो, म्हणून तो बंद करून बाजूने टेबललॅम्पचा उजेड पाडते. आणि अलीकडच्या कार्डांच्या छपाईच्या तऱ्हा इतक्या निरनिराळ्या आहेत की तिथे जुन्या कार्डांचा नियम जसाच्या तसा लावला तर खरं कार्ड खोटं ठरेल. पुन्हा तेच: त्याच संचातलं दुसरं कार्ड हवं.

काटा कमी वापरला जातो. वजनात ठळक फरक आला तर कागद वेगळा आहे हे कळतं, वजन जुळलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा फोनचा दिवा कार्डाच्या मागे धरून किती उजेड आरपार येतो ते पाहणं मला जास्त उपयोगी वाटलं. कार्ड वाकवून बघायचा जो जुना प्रकार सांगितला जातो, तो कृपा करून करू नका. कार्ड खरं निघालं तर तुम्हीच ते खराब केलेलं असेल.

मोजमाप मात्र घ्याच. टॉप्स कंपनीने १९५७ मध्ये अडीच इंच बाय साडेतीन इंच हा आकार स्वीकारला आणि तोच पुढे रुळला. कडा झिजलेल्या कार्डाला पात्याने कापून धारदार करणं ही वेगळ्या जातीची लबाडी आहे, कारण तिथे कार्ड खरंच असतं. या छंदातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड, म्हणजे १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या टी-२०६ संचातलं बेसबॉलपटू होनस वॅगनरचं कार्ड. त्याची सगळ्यात प्रसिद्ध प्रत आपण कापली होती, अशी कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो याने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. आणि पीएसए या ग्रेडिंग कंपनीने, म्हणजे कार्ड तपासून त्याला गुण (ग्रेड) देणाऱ्या आणि डबीत सीलबंद करणाऱ्या कंपनीने, १९९१ मध्ये सुरू झाल्यावर पहिलं प्रमाणित केलेलं कार्ड तेच होतं, १० पैकी ८ गुण देऊन. ग्रेड पाहून निर्धास्त होणाऱ्यांना मी ही हकीकत आवर्जून सांगते.

यूव्ही टॉर्च आमच्या मुलांच्या कार्डांसाठी फारशी लागली नाही. तिचा खरा उपयोग जुन्या कागदावर होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं मिसळायला सुरुवात झाली. असा कागद यूव्ही प्रकाशात निळसर पांढरा उजळतो, त्याआधीचा कागद मंद राहतो. पुण्यातला माझा मामेभाऊ १९३० च्या दशकातली इंग्लंडच्या जॉन प्लेयर कंपनीची सिगारेटबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं जमवतो, ब्रॅडमन असलेली वगैरे. या जुन्या संचांची नवी पुनर्मुद्रणं उघडपणे विकली जातात आणि त्यात गैर काही नाही. मग कुणीतरी त्यातलंच एक चहाच्या पाण्यात बुडवून, कोपरे घासून, ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’ म्हणून विकतो, ते गैर. मामेभावाने अशी काही कार्डं माझ्याकडे पाठवली होती आणि टॉर्च लावताच त्यातली काही लख्ख उजळली. लक्षात ठेवा, न उजळणारं कार्ड आपोआप खरं ठरत नाही, कारण जुना कोरा कागद मिळवून त्यावरही छापता येतं.

आता स्लॅबबद्दल. इथे भिंग, काटा, टॉर्च तिन्ही मागे पडतात. पूर्वी भीती बनावट कार्डाची होती, आता बनावट डबी आणि बनावट लेबलही आलं आहे. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल सरकारी वकिलांनी वॉशिंग्टन राज्यातल्या दोघांवर याच प्रकारचे आरोप ठेवले: कार्डांवर खोट्या ग्रेडची लेबलं लावून वीस लाख डॉलरहून अधिकचा व्यवहार. त्यात जॉर्डनचं तेच फ्लिअर कार्ड होतं. खऱ्या, पण कमी दर्जाच्या कार्डावर जास्त ग्रेडचं लेबल आलं तर भिंगाखाली छपाई अस्सलच दिसणार.

मी काय करते ते सांगते. लेबलवरचा सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर स्वतः टाइप करते. लेबलवरचा क्यूआर कोड स्कॅन करत नाही, कारण तो छापणारा कुठेही नेऊ शकतो. नंबर जुळला की बहुतेक लोक थांबतात, आणि खरी तपासणी तिथूनच पुढे असते. लबाड माणूस खोटा नंबर कशाला टाकेल? इंटरनेटवर हजारो खऱ्या स्लॅबचे फोटो पडलेले आहेत, त्यातलाच एक नंबर तो उचलतो. म्हणून साइटवर त्या नंबरच्या कार्डाचा फोटो असेल तर तो समोर ठेवून चारही बाजूंच्या किनारी मोजते, कुठे छपाईचा एखादा ठिपका आहे, कुठला कोपरा जरा बोथट आहे, ते जुळवते. फोटो नसेल तर तोच नंबर जुन्या लिलावांत कुठे दिसतो का, ते शोधते. डबीच्या कडाही बघा. उघडून पुन्हा चिकटवलेल्या डबीच्या जोडावर बऱ्याचदा पांढुरका, धुरकट पट्टा दिसतो.

खेळाडूंच्या सह्यांच्या बाबतीत मी मुलांना सरळ नाही म्हणते. १९९० च्या दशकात एफबीआयने सॅन डिएगोतून ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं, त्यात खोट्या सह्यांचं मोठं जाळं सापडलं. खुद्द बेसबॉलपटू टोनी ग्विनने आपल्याच नावाच्या संशयास्पद सह्यांबद्दल तक्रार केली होती. सोबत येणारं ‘प्रमाणपत्र’ तर कुणीही घरच्या प्रिंटरवर काढू शकतं.

बाजारपेठांच्या हमीबद्दल माझं मत मिश्र आहे. ईबेने जानेवारी २०२२ पासून कार्डांसाठी पडताळणी सुरू केली. आधी ती ७५० डॉलर आणि त्यावरच्या कार्डांना होती, नंतर मर्यादा २५० वर आणली. कार्ड विक्रेत्याकडून थेट तुमच्याकडे न येता आधी तपासनीसाकडे जातं. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. पण मुलं कार्डं घेतात ती तीस, चाळीस, साठ डॉलरची. ती या गाळणीतून जातच नाहीत, आणि बनावट माल विकणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे.

यंदा मी एका ऑनलाइन बाजारपेठेवर (नाव लिहीत नाही) ग्रुपमधल्या एका मुलाच्या वतीने केस उघडली. पाकीट फोडतानाचा सलग व्हिडिओ होता. भिंगाला फोन लावून काढलेले फोटो होते, डावीकडे त्याच संचातल्या खऱ्या कार्डाची अक्षरं, उजवीकडे या कार्डाची. सेलरने आधी अर्धे पैसे देऊन मिटवायची तयारी दाखवली, मग ‘साइटच्या बाहेर बोलू’ म्हणाला. दोन्हीला नकार दिला आणि प्रत्येक निरोप साइटवरच ठेवला. पैसे पूर्ण परत मिळाले. त्यासाठी कार्ड मात्र सेलरला परत पाठवायची अट होती. पुढच्या आठवड्यात तेच कार्ड, कोपऱ्यावरच्या त्याच डागासह, त्याच सेलरकडे पुन्हा विक्रीला लागलं. मी तक्रार केली, दोन्ही फोटो जोडले. ठरावीक साच्यातलं आभाराचं उत्तर आलं आणि लिस्टिंग तसंच राहिलं, विकलं जाईपर्यंत.

हे मला अजून स्वस्थ बसू देत नाही. ग्राहकाला पैसे परत देऊन बाजारपेठ स्वतःची बाजू सुरक्षित करते, आणि बनावट कार्ड मात्र पुढच्या मुलाच्या दारात जाऊन उभं राहतं. खोट्या नोटा बँकेत सापडल्या तर बँक त्या परत खिशात घालायला देत नाही. कार्ड बनावट ठरवून पैसे परत केले असतील, तर ते कार्ड सेलरकडे जाता कामा नये, ही साधी मागणी मी प्रत्येक तक्रारीत लिहिते आणि तुम्हीही लिहा. आणि तुमच्याकडे बनावट कार्ड आलं तर ते ‘रीप्रिंट’ म्हणून स्वस्तात विकूनही मोकळे होऊ नका. पुढचा माणूस तो शब्द खोडेल. अमेरिकेतला १९७३ चा कायदा नाण्यांच्या नकलेवर ‘कॉपी’ असा शिक्का आणि राजकीय प्रचाराच्या वस्तूंच्या नकलेवर निर्मितीचं वर्ष सक्तीचं करतो, खेळाडूंच्या कार्डांना त्याचं संरक्षण नाही.

पैसे देण्याबद्दल दोनच गोष्टी. ओळखीचा नसलेला सेलर पेपॅलवर ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायाने पैसे मागत असेल तर तिथेच थांबा, त्या पर्यायाला खरेदीचं संरक्षण नसतं. बँकेतून थेट पैसे पाठवायची ‘झेल’ (Zelle) ही सेवाही नको. क्रेडिट कार्डाने द्या, म्हणजे बाजारपेठेने ऐकलं नाही तरी बँकेकडे हरकत घेता येते.

महाराष्ट्रात राहून भारतीय साइटवरून कार्डं घेणाऱ्यांसाठी मामेभावाच्या अनुभवातून एक भर घालते. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. त्याने केलेल्या तक्रारीला आधी दाद मिळत नव्हती. मग त्याने या नियमाचा उल्लेख करून, भिंगातले फोटो जोडून पुन्हा लिहिलं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. त्यानंतर त्याचे पैसे आले.

तिन्हीपैकी एकच घ्यायचं असेल तर भिंग घ्या, १० आणि ३० पट दोन्ही असलेलं. सेल बटणाच्या आकाराचे असतात आणि लवकर संपतात, दोन जास्तीचे आणून ठेवा. काटा नाही घेतला तरी चालेल. टॉर्च फक्त जुनी कार्डं घेणाऱ्यांनी घ्यावी, आणि मुलांच्या हातात देताना तिचा झोत डोळ्यांवर पडणार नाही एवढं बघावं.